आधी ग्रुप, मग क्लिक

जत्रेतल्या फुग्याच्या बंदुकीचा नेम सरळ लागत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोतिबाची चैत्र यात्रा असो की गावची जत्रा, फळीवर रंगीबेरंगी फुगे टाचलेले असतात, पुढं दोन-तीन झिजलेल्या एअरगन मांडलेल्या असतात. पहिले दोन छर्रे फळीत गेले की मागं उभा असलेला कुणी जाणकार सल्ला देतो, "जरा उजव्या अंगाला धर, डावीकडं वढतीया ती." तिसऱ्या छर्ऱ्याला फुगा फुटतो आणि पोरगं स्वतःलाच नेमबाज समजायला लागतं.

त्या सल्ल्यात एअर रायफलच्या नेमाचं निम्मं शास्त्र आलं. बंदूक चुकते, पण दरवेळी एकाच बाजूला आणि साधारण तेवढीच चुकते. म्हणून तेवढंच उलट बाजूला धरायचं. उरलेलं निम्मं शास्त्र असं, की दरवेळी मनात हिशेब करून बाजूला धरण्यापेक्षा नेम धरायचं साधनच तेवढं सरकवून ठेवावं. मग जिथं बघू तिथं छर्रा लागतो. नेमबाजांच्या बोलीत याला 'झिरो करणं' म्हणतात. सुट्टीवर आलेला गावचा जवान हाच शब्द वापरतो आणि रेंजवर सरावाला येणारी शाळकरी मुलगीही.

कोल्हापुरात या विषयाला गिऱ्हाईक कमी नाही. कुस्ती आणि फुटबॉलच्या या शहरानं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देशाला नेमबाजही दिले. तेजस्विनी सावंत यांनी २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं आणि २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी शाहू माने यानं ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं रौप्य आणलं. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या कांस्यपदकासह उभा राहिला. १९५२च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये ७२ वर्षं गेली.

या चौघांपैकी एकाच्याही बंदुकीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल आणि पिस्तूल प्रकारांत नेमाच्या साधनात दुर्बिणीला मज्जाव आहे. फार तर रायफलच्या मागच्या साइटवर चष्म्याच्या नंबराची काच चालते. घरी हौसेनं एअर रायफल घेणारा मात्र सर्रास दुर्बीण, म्हणजे स्कोप, लावलेलीच घेतो. सिनेमात तशीच दिसते, हे एक कारण. शिवाय साडेचार मिलिमीटर व्यासाच्या नळीची आणि २० जूलच्या आत ताकद असलेली एअरगन २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय घेता येते, त्यामुळं खरेदी सोपी. अडचण पहिल्या रविवारी सुरू होते. स्कोपच्या फुलीत कागदावरचा काळा ठिपका अगदी मधोमध दिसत असतो आणि छर्रा जातो चार बोटं खाली, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. मग "स्कोपच खराब आलाय" असा निकाल लागतो. खरं तर अशा दहा तक्रारींपैकी बहुतेकांत स्कोप निर्दोष असतो.

झिरो करणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला दोन रेषा डोळ्यांपुढं आणाव्या लागतात. एक रेषा नळीची, जिच्यातून छर्रा निघतो. दुसरी नजरेची, जी स्कोपमधून निशाण्यावर जाते. स्कोप नळीच्या वर चार-साडेचार सेंटिमीटरवर बसलेला असतो. दोन्ही रेषा समांतर ठेवल्या, तर छर्रा सुरुवातीलाच साडेचार सेंटिमीटर खाली असतो आणि निघाल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण त्याला आणखी खाली ओढत असतं. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. छर्रा खालून येतो, नजरेची रेषा छेदून थोडा वर जातो आणि पुढं कुठंतरी पुन्हा तिला छेदून खाली उतरतो.

आकड्यांत सांगायचं तर अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगानं सुटला, तर १० मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात तो सव्वा-दीड सेंटिमीटर खाली येतो. अशी रायफल १० मीटरवर झिरो केली, तर २० मीटरवर तिचा छर्रा नेमापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर लागेल आणि ३० मीटरवर सेंटिमीटरभर खाली. आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक बंदुकीचे थोडे वेगळे निघतील. पण "झिरो केलीय" एवढं सांगणं अपुरं का, हे त्यांतून कळतं. किती मीटरवर, हा प्रश्न लगेच विचारावा. आणि पाच मीटरवर उभं राहून मारलं, तर त्याच रायफलचा छर्रा नेमाच्या स्पष्ट खाली जाईल, कारण तिथं तो अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. गच्चीच्या एका टोकाला झिरो करून दुसऱ्या टोकाला पैज हरणारे याच गणितात अडकतात.

पुढचा घोटाळा क्लिकचा. स्कोपवर दोन गोल बटणं असतात, एक वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडं. ती फिरवली की कट कट आवाज येतो. प्रत्येक कट म्हणजे एक क्लिक. बऱ्याच स्कोपवर एका क्लिकला पाव इंच असं कोरलेलं असतं. मात्र तो पाव इंच १०० यार्डांवरचा, म्हणजे साधारण ९१ मीटरवरचा. दहा मीटरवर तोच क्लिक पाऊण मिलिमीटरही सरकवत नाही. छर्रे तीन सेंटिमीटर खाली जात असतील तर चाळीसहून जास्त क्लिक फिरवावे लागतात. नवखा माणूस चार क्लिक देतो, काही फरक पडलेला दिसत नाही, आणखी चार देतो, वैतागतो आणि मग दोन्ही बटणं एकदम फिरवायला लागतो. तिथून पुढं कोणतं बटण कुठं होतं याचा पत्ता त्यालाही नसतो आणि बंदुकीलाही.

स्कोपवरचा बाण मात्र सरळ मनाचा असतो. 'वर' लिहिलेल्या दिशेला फिरवलं की छर्रा वर लागतो. उघड्या साइटवर नियम लक्षात ठेवावा लागतो: मागची साइट छर्रा जिकडं न्यायचा तिकडंच सरकवायची, पुढची माशी मात्र उलट्या दिशेला. जुन्या एअरगनवर माशी खाली-वर करताना भल्याभल्यांची गाडी इथंच उलटी जाते.

बटणांना हात लावण्याआधी पाहायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्या कुणी पाहत नाही. स्कोप ज्या कड्यांत बसतो त्यांचे स्क्रू आलटून पालटून, सारख्या ताणानं आवळलेले हवेत. डोळा आणि स्कोप यांतलं अंतर असं हवं, की गाल दस्त्याला टेकवल्यावर चित्र पूर्ण दिसावं, कडेला काळी सावली नसावी. फुलीची उभी रेघ खरोखर उभी हवी. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. दहा मीटरवरच्या भिंतीला ओळंबा सोडायचा, रायफल टेकूवर सपाट बसवायची आणि स्कोप कड्यात हलकेच फिरवून उभी रेघ दोरीवर बसवायची. हे केलं नाही आणि रायफल दहा अंशांनी कललेली राहिली, तर १० मीटरवर दोन मिलिमीटरचाच फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच रायफल ३० मीटरवर दोन सेंटिमीटर बाजूला मारते आणि दोष वाऱ्यावर जातो.

दुसरी गोष्ट स्कोपच्या जातीची. हरणाच्या शिकारीच्या किंवा लष्करी रायफलींसाठी बनवलेल्या स्कोपची भिंगं बहुधा १०० यार्डांच्या आसपासच्या अंतरासाठी जुळवलेली असतात. दहा मीटरवर त्यांत चित्र धूसर दिसतंच, शिवाय डोळा जरा इकडं-तिकडं हलवला की फुली निशाण्यावरून सरकताना दिसते, बंदूक जागची हललेली नसतानाही. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. एअर रायफलसाठी पुढचं भिंग फिरवून जवळच्या अंतराला जुळवता येणारा स्कोप हवा. ज्याच्याकडं तो नाही, त्यानं निदान गाल दरवेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवावा.

स्प्रिंगच्या एअर रायफलचं तर वेगळंच प्रकरण. नळी मोडून स्प्रिंग भरायची, चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढं ढकलते आणि दाबलेली हवा छर्ऱ्याला. दट्ट्या पुढं धावताना बंदूक मागं सरकते. तो हवेच्या उशीवर आपटून थांबला की बंदूक पुढं झेप घेते. असा दुहेरी धक्का बाराच्या बोअरच्या बंदुकीलाही नसतो. म्हणूनच मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोप साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर छर्ऱ्यांच्या काही डब्यांतच आतून खिळखिळा होऊ शकतो, कारण तो मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, पुढच्या नव्हे. याच धक्क्यांनी कडीही हळूहळू खोबणीत सरकतात. त्यांच्यामागं अडसर नसेल, तर सकाळी केलेलं झिरो संध्याकाळी राहत नाही.

आणि या बंदुकीला आवळून धरलेलं आवडत नाही. छर्रा नळीत असतानाच ती मागं-पुढं हलत असते, तेव्हा घट्ट पकडलं तर तिचं हलणं दरवेळी वेगळं होतं. हलक्या हातानं, दरवेळी त्याच जागी टेकवून मारलं की छर्रे एकत्र यायला लागतात. कुस्तीच्या गावात हे पटवणं जरा जड जातं.

छर्रे एकत्र येणं, ग्रुप, हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. एकाच ठिकाणी नेम धरून, काहीही न बदलता, पाच छर्रे मारायचे. कागदावर पाच भोकं पडतील. ती कुठं पडली याची काळजी नंतर. आधी ती एकमेकांच्या किती जवळ पडली ते पाहायचं. रोज बरोबर पाच मिनिटं पुढं असणारं घड्याळ लावता येतं, मनाला येईल तसं चालणारं लावता येत नाही. भोकं पंज्याएवढ्या जागेत विखुरली असतील, तर बटणाला हात लावण्यात अर्थ नाही. आधी पकड पाहा, स्क्रू पाहा, छर्रा बदलून पाहा, श्वास पाहा. भोकं एकमेकांना चिकटून पडायला लागली, मग त्या पुंजक्याचा मध्य डोळ्यानं ठरवा, तो निशाण्यापासून किती मिलिमीटर खाली आणि किती बाजूला आहे ते पट्टीनं मोजा, क्लिकचा हिशेब करा आणि एका वेळी एकच बटण फिरवा. पुन्हा पाच छर्रे. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं.

एका छर्ऱ्यावरून क्लिक देणं ही या छंदातली सगळ्यात महाग खोड आहे. पहिला डावीकडं गेला म्हणून उजवीकडं क्लिक, पुढचा उजवीकडं गेला म्हणून डावीकडं. असं करणारा माणूस बंदुकीची नव्हे, स्वतःच्या हाताच्या थरथरीची दुरुस्ती करत असतो, आणि थरथर दरवेळी वेगळी असते. डबा संपतो, झिरो होत नाही.

आता रेंजवरच्या बिनदुर्बिणीच्या रायफलीकडं यावं. तिथं मागं डायॉप्टर असतो: जेमतेम मिलिमीटरभर भोकाची एक चकती, जिच्यातून पाहायचं. पुढं नळीच्या टोकाला एका नळकांड्यात गोल कडी. त्या कडीच्या आत निशाण्याचा काळा गोल बसवायचा, भोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसेल असा. वर्तुळात वर्तुळ, त्यात पुन्हा वर्तुळ. माणसाच्या डोळ्याला समकेंद्री वर्तुळं जुळवण्याची उपजत सवय असते. तिरकं झालं की लगेच खटकतं. शिवाय बारीक भोकातून पाहिल्यानं जवळची कडी आणि दूरचा गोल दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात. नवे नेमबाज पुढची कडी फार घट्ट निवडतात, काळ्या गोलाला जेमतेम बसेल अशी. वाटतं, जितकी घट्ट तितका नेम पक्का. होतं उलट. पांढरी कड इतकी बारीक होते की डोळा तिचा अंदाज घेताना दमतो आणि चाप ओढायला उशीर होतो.

दहा मीटरवरचा तो कागद एकदा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. पूर्ण निशाणा साडेपंचेचाळीस मिलिमीटरचा. त्यातला काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीनं टोचल्यासारखा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असल्यामुळं तो ठिपका त्याच्या पोटात हरवूनच जातो. गुण दशांशात मोजतात आणि सर्वोत्तम छर्ऱ्याला १०.९ मिळतात. मध्यापासून प्रत्येक पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश गेला. म्हणजे रायफलचं झिरो केवळ एक मिलिमीटर चुकलेलं असेल, तर बिनचूक मारणाऱ्याचेही दर छर्ऱ्याला चार दशांश जातात. एका सामन्यात साठ छर्रे असतात.

म्हणून सामन्याआधी तयारी आणि सायटिंगसाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळात कितीही छर्रे मारता येतात आणि त्यांचे गुण धरत नाहीत. हे सायटर म्हणजे सरावाचा वॉर्मअप, असं पाहणाऱ्याला वाटतं. नेमबाज मात्र तेव्हा चौकशी करत असतो. कालच्या रेंजवरचा उजेड आणि इथला उजेड एक आहे का? प्रवासात साइटला धक्का बसला का? काळा गोल आज जरा मोठा दिसतोय का? ग्रुप पडतोय, पण अर्धा मिलिमीटर वर. मग खाली दोन क्लिक. डायॉप्टरचा क्लिक फार बारीक असतो, १० मीटरवर छर्रा मिलिमीटरच्या काही दशांशानंच सरकतो.

या चौकशीची किंमत किती असते, त्याचा सगळ्यात थरारक दाखला अभिनव बिंद्रा यांच्या सुवर्णपदकामागं आहे. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी. पात्रता फेरीत बिंद्रा यांनी ५९६ गुण मिळवले होते, म्हणजे तेव्हा रायफल ठणठणीत होती. मधल्या थोड्या वेळानंतर अंतिम फेरीच्या सायटिंगला पहिला छर्रा मारला आणि तो चारच्या वर्तुळात गेला. त्या पातळीचा नेमबाज आठसुद्धा क्वचित मारतो. चार म्हणजे मध्यापासून सुमारे दीड सेंटिमीटर दूर. हात एवढा चुकू शकत नाही, म्हणजे साइट हलली आहे, हे त्यांनी ओळखलं आणि उरलेल्या मिनिटांत क्लिक देत रायफल पुन्हा जाग्यावर आणली. कुणीतरी छेडछाड केली असावी, असा संशय त्यांनी पुढं बोलूनही दाखवला. फेरी सुरू झाल्यावर त्यांनी दहा छर्ऱ्यांत १०४.५ गुण मिळवले, शेवटचा छर्रा १०.८ होता आणि एकूण ७००.५ गुणांवर भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण नोंदलं गेलं. दुसऱ्या कुणी त्या चारच्या छर्ऱ्यानंतर स्वतःच्या हाताला दोष देत नेम बाजूला धरायला सुरुवात केली असती, तर निकाल काय लागला असता हे सांगायला नको. आपल्या ग्रुपवर ज्याचा विश्वास आहे, त्यालाच बंदुकीवर संशय घेता येतो.

स्वप्निल कुसाळेचा प्रकार याहून किचकट. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये छर्ऱ्याऐवजी पॉइंट टू टू बोअरची, म्हणजे ५.६ मिलिमीटरची गोळी असते आणि गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत ती मारायची असते. रायफल तीच, साइट तीच, माणूस तोच. तरी तिन्ही स्थितींचं झिरो एक येत नाही. झोपून मारताना गाल दस्त्यावर वेगळ्या कोनात पडतो, पट्ट्याचा ताण असतो. उभं राहिल्यावर पट्टा नसतो आणि गोळी सुटताना रायफल खांद्याला वेगळा रेटा देते. त्यामुळं स्थिती बदलली की क्लिक बदलतात. प्रत्येक नेमबाजाकडं त्याचे आकडे लिहिलेले असतात आणि प्रत्येक स्थितीच्या सुरुवातीला सायटर मारून ते त्या दिवसापुरते पडताळले जातात.

इथं फरक किती बारीक असतो, ते पॅरिसची पात्रता फेरी सांगते. स्वप्निल ५९० गुणांसह सातवा आला आणि अंतिम आठांत गेला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ५८९ गुणांवर अकरावा राहिला आणि बाहेर पडला. अंतिम फेरीत स्वप्निल गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभ्यानं मारायच्या, सगळ्यात अवघड टप्प्यात वर सरकत ४५१.४ गुणांवर तिसरा. चीनचा लिऊ युकुन पहिला, युक्रेनचा सेरही कुलिश दुसरा. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या.

पन्नास मीटरवर वाराही खेळात उतरतो. रेंजवर लहान झेंड्या लावलेल्या असतात आणि नेमबाजाचा एक डोळा, म्हणायला, त्यांच्यावर असतो. वारा बदलला तर तो पूर्वीसारखा होईपर्यंत थांबता येतं, एक-दोन क्लिक देता येतात किंवा जत्रेतल्या जाणकारासारखं जरा बाजूला धरता येतं. तिन्ही मार्ग कायदेशीर, तिन्हींत धोका. तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती अशाच ५० मीटरच्या रेंजवर. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्यांची सुरुवात कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली झाली होती. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजचं नाव आज शहराबाहेरही ऐकू येतं, त्यामागं अशा पिढ्या आहेत.

दुर्बीण लावून खेळायचा खेळ जगात नाही असं नाही. इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या फील्ड टार्गेट या प्रकारात रानात वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याची निशाणं मांडतात आणि स्कोप लावलेल्या एअर रायफलीनं ती पाडायची असतात. अंतर कुणी सांगत नाही. खेळाडू स्कोपचं भिंग फिरवून चित्र स्पष्ट करतो, बटणावरच्या खुणेवरून अंतर वाचतो आणि आपल्या तक्त्यानुसार तितके क्लिक देतो. मघाचं २० मीटरवर वर, ३० मीटरवर खाली हे गणित तिथं प्रत्येक निशाण्याला करावं लागतं.

हौशी मंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. परवाना लागत नाही याचा अर्थ खेळणं आहे असा नाही. छर्रा दोनशे मीटरच्या पुढंही जाऊ शकतो आणि डोळ्याचं कायमचं नुकसान करायला त्याला फार जोर लागत नाही. मंगळवार पेठेतल्या किंवा शाहूपुरीतल्या गच्चीवर कागदामागं नुसता पत्रा लावला, तर छर्रा उलटून येतो. जाड लाकडी खोक्यात भिजवलेली माती किंवा जुन्या कापडाचे गठ्ठे आणि मागं भक्कम भिंत हवी. आणि झिरो करायला झाडावरचा होला किंवा उसातलं वानर हे निशाण नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. ज्या दाजीपूरच्या रानात एके काळी कोल्हापूरचे संस्थानिक शिकार करत, ते १९५८ पासून अभयारण्य आहे.

राहता राहिला छर्रा. मॅचच्या छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा आकडा असतो, डोक्याच्या व्यासाचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा फरक कुठल्या नळीला मानवतो आणि कुठल्या नाही, हे कारखानदारही सांगू शकत नाही. मारूनच पाहावं लागतं. मुरलेले नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक मापाचे ग्रुप पाडतात, सगळ्यात लहान ग्रुप ज्याचा त्याच बॅचचे डबे वर्षभरासाठी घेऊन ठेवतात आणि वहीत रायफलसमोर तो बॅच नंबर लिहितात. घरच्या स्प्रिंगच्या रायफलीला शिकंजा नको, वाळूची पिशवी पुरते. तीन-चार प्रकारचे लहान डबे घ्यायचे, प्रत्येकाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे दोन ग्रुप पाडायचे, कागदावर डब्याचं नाव आणि तारीख लिहायची. त्यांत स्वस्त डबा पहिला आला, तर तोच घ्यावा.